‘तिथे गेल्यावर बघू’ ज्यांना चालत नाही

घरच्या सहलीचं आपल्याकडचं नियोजन साधारणपणे दोन प्रश्नांत आटोपतं. रिझर्वेशन मिळालं का, आणि राहायची सोय झाली का? पुढचं सगळं ‘तिथे गेल्यावर बघू’. जेवायचं कुठे, समुद्रावर सकाळी जायचं की उन्हं उतरल्यावर, येताना वाट वाकडी करून मार्लेश्वर करायचं का, देवरुखच्या आत्याकडे एक रात्र टेकायचं का, हे आयत्या वेळी ठरतं. तसं ठरण्यातच सुट्टीची गंमत आहे, असं घरातल्या बहुतेकांना मनापासून वाटत असतं.

त्याच घरात एखादं ऑटिस्टिक माणूस असेल तर प्रश्न महिनाभर आधी सुरू होतात. गाडी कोणती, डबा कोणता, खिडकी कोणाची? खोलीत पलंग किती, कोण कोणाशेजारी झोपणार? संडास कसला? नाश्त्याला काय असेल, आणि ते नसलं तर काय असेल? बारा वर्षांचा मुलगा हे विचारत असेल तर ‘किती डोकं खातोस’ असं ऐकून घेतो. चाळिशीतली बाई विचारत असेल तर तिच्या एक्सेल शीटवरून फॅमिली ग्रुपवर विनोद होतात. दोन्हीकडे समज एकच, की यांना सगळं आपल्या मनासारखं हवं असतं. माझ्या मते हा समज साफ चुकीचा आहे. मनासारखं घडावं ही मागणी फार क्वचित असते. काय घडणार आहे ते आधी कळावं, एवढीच बहुतेक वेळा मागणी असते. वांग्याची भाजी आवडत नाही, पण मंगळवारी दुपारी वांग्याची भाजी आहे हे रविवारी कळलं तर सोबत दहीभात नेता येतो.

ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, वैद्यकीय ओळख झाली तेव्हापासून ही गोष्ट नोंदलेली आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांबद्दल एक दीर्घ निबंध लिहिला. फिरायला जायचा रस्ता बदलला, घरातलं सामान हललं, रोजचा क्रम चुकला की ही मुलं कासावीस होत. सगळं होतं तसंच राहावं या ओढीच्या मुळाशी चिंता आहे, हे कॅनरनी तेव्हाच म्हटलं होतं. पुढे लोकांच्या लक्षात हट्ट राहिला आणि चिंता मागे पडली. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष नव्याने मांडले. त्यात ही सारखेपणाची ओढ कायम राहिली आणि शेजारी आणखी एक बाब आली : आवाज, उजेड, वास, स्पर्श यांचा फार जास्त किंवा फार कमी परिणाम होणं. सहलीत नेमक्या या दोन गोष्टी एकत्र येतात. क्रम मोडलेला असतो, आणि फलाटावरच्या भोंग्यापासून लॉजच्या चादरीच्या वासापर्यंत सगळं परकं असतं.

मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो, असं मेंदूविज्ञानातल्या एका मोठ्या प्रवाहाचं म्हणणं आहे. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून आपण पाऊल टाकतो, ती नसते, आणि क्षणभर काळजात धस्स होतं. अंदाज चुकल्याचा झटका म्हणतात तो असा. रोजच्या आयुष्यात असे अंदाज बहुतेकांचा मेंदू बिनबोभाट बांधतो आणि बारीकसारीक चुका सोडून देतो. ऑटिस्टिक मेंदूत या यंत्रणेचा तोल वेगळा असावा, अशी मांडणी २०१२ साली लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी केली. २०१४ साली एमआयटीतले पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दिशेने जाऊन ऑटिझमकडे अंदाज बांधण्यातली अडचण म्हणून पाहिलं. त्यावर अजून वाद आहेत, प्रयोगांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. तरी सहलीपुरता या विचाराचा उपयोग होतो. इतरांच्या डोक्यात जे काम आपोआप होतं ते इथे कागदावर, जाणूनबुजून करावं लागतं, एवढं लक्षात घेतलं की महिनाभर आधीच्या त्या प्रश्नांचा त्रास कमी वाटू लागतो.

मानसशास्त्रात ‘अनिश्चितता सहन न होणं’ अशी एक संकल्पना आहे. ती मुळात चिंताविकारांच्या अभ्यासातली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१४ साली ती ऑटिस्टिक मुलांना लावून पाहिली, तेव्हा त्यांच्यातल्या वाढीव चिंतेचा संबंध या असह्यतेशी जुळला. पालकांचा अनुभव याला धरूनच आहे. दाताच्या डॉक्टरकडे उद्या सकाळी जायचंय, इंजेक्शन आहे आणि दुखणार आहे, हे स्पष्ट सांगितलेलं मूल तयारीने जातं. ‘जमलं तर संध्याकाळी मॉलमध्ये जाऊ’ हे ऐकलेलं तेच मूल दिवसभर दाराशी येरझाऱ्या घालतं. वाईट पण नक्की हे त्याला पेलतं. चांगलं पण कदाचित, हे पेलत नाही.

आता समजा, ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरी आणि तिथून गणपतीपुळे असा बेत आहे. पहिला अडथळा तिकिटाचा. वेटिंग लिस्ट म्हणजे साक्षात अनिश्चितता. आरएसी हा त्याहून चमत्कारिक प्रकार : जागा आहे, पण अर्धी, आणि उरलेल्या अर्ध्यावर कोण येऊन बसेल ते माहीत नाही. अशा घरांनी बुकिंग उघडल्या दिवशीच पक्कं तिकीट काढावं. ते मिळालं नाही तर गाडी बदलावी, तारीख बदलावी. ‘चार्ट लागला की कळेल’ हे वाक्य घरात उच्चारूच नये.

गाडी पनवेल सोडून रोह्याच्या पुढे गेली की कोकण रेल्वे लागते. ७४१ किलोमीटरची, १९९८ साली पूर्ण झालेली, नव्वदहून जास्त बोगद्यांची. मोबाइलवर गाणी ऐकत बसलेल्यांना बोगदा म्हणजे रेंज गेली एवढंच. आवाजाला हळव्या असलेल्या मुलाला मात्र उघड्या खिडकीच्या डब्यात एकाएकी काळोख आणि चारी बाजूंनी अंगावर येणारा खडखडाट, हे संकटच वाटतं. खेडच्या अलीकडचा नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरांहून मोठा आहे. उक्षी आणि भोके या स्टेशनांमधला करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरांचा. काश्मीरमधला पीर पंजालचा बोगदा होईपर्यंत भारतीय रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. तो पार करायला गाडीला पाच-सहा मिनिटं सहज लागतात.

हेच आधी सांगितलं तर चित्र पालटतं. स्टेशनांची यादी हातात असली, ‘संगमेश्वर गेलं, उक्षी गेलं, आता करबुडे’ हे आधी कळलं, कानावर हेडफोन चढवायला दोन मिनिटं मिळाली, की मूल तो बोगदा मोजून काढतं. कित्येकदा पुढच्या वर्षी तेच घरच्यांना बोगद्यांची नावं क्रमाने ऐकवतं. काळोख तेवढाच असतो आणि खडखडाटही तेवढाच.

याच मार्गाची दुसरी खोड म्हणजे क्रॉसिंग. मार्ग बहुतांश एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आपली गाडी एखाद्या छोट्या स्टेशनात मुकाट उभी राहते. वेळापत्रकात तो थांबा नसतो. ‘का थांबली?’ या प्रश्नाला ‘निघेल आता’ हे उत्तर म्हणजे भीतीत भर. एकेरी मार्ग कसा चालतो, सिग्नल कोण देतं, समोरची गाडी निघून गेल्याशिवाय आपण का हलत नाही, हे घरीच कागदावर दोन रेघा मारून दाखवलं तर तो अनपेक्षित थांबा अपेक्षित होतो. किती वेळ लागेल हे कोणालाच सांगता येत नाही, पण काय झालं की गाडी सुटेल हे सांगता येतं. बऱ्याच वेळा तेवढं पुरतं.

कार्यक्रमाचा कागद करायचा म्हटला की आईबाप उत्साहाने तासातासाचं वेळापत्रक आखतात. त्यातच फसगत होते. ‘११ वाजता समुद्र’ असं लिहिलं आणि ११:२० झाले, की मुलाच्या लेखी दिलेला शब्द मोडला. मुरलेले पालक वेळ लिहीत नाहीत, क्रम लिहितात : उठणं, चहा-बिस्किट, आंघोळ, देऊळ, खोलीवर परत, अर्धा तास काहीच नाही, मग समुद्र. चित्रांच्या पट्टीवर असा क्रम मांडायची पद्धत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांच्या उपक्रमातून रुजली. १९७२ पासून तो त्या राज्यभर चालू आहे, आणि आज आपल्याकडच्या विशेष शाळांतही वेल्क्रोने चिकटवलेली चित्रं दिसतात ती याच वळणाची. झालेलं चित्र काढून खालच्या पाकिटात टाकायचं. मोबाइलमधल्या फोटोंवरही हे भागतं. लॉजवाल्याला फोन करून खोलीचा, न्हाणीघराचा, जेवणाच्या जागेचा फोटो मागवायचा. तो आधी बुचकळ्यात पडतो, मग बहुधा पाठवतो.

या कागदात आपल्या डोक्यातही येत नाहीत अशा गोष्टी लागतात. पाणी आणि लघवी, उदाहरणार्थ. भूक, तहान, लघवीची भावना अशा शरीराच्या आतल्या खुणा पुष्कळ ऑटिस्टिक लोकांना नीट किंवा वेळेवर कळत नाहीत. एरवी शाळेची घंटा आणि घरच्या जेवणाच्या वेळा त्यांचं काम निभावून नेतात. सहलीत घंटाही नसते आणि वेळाही नसतात. दुपारी चार वाजता मूल विनाकारण बिथरलं असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा सकाळपासून ते पाणीच प्यायलेलं नसतं. म्हणून पट्टीवर पाण्याची बाटलीही एक चित्र.

एखादी गोष्ट संपणार कशी, हेही त्या कागदात हवं. त्याकडे फार दुर्लक्ष होतं. वाळूत ओघळ काढण्यात गढून गेलेल्या मुलाला ‘चला, निघायचंय’ म्हणून एकदम उठवलं की जो आकांत होतो तो किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू येतो. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ साली मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो : ऑटिस्टिक लक्ष एका वेळी एका वाटेने फार खोल जातं, आणि तिथून बाहेर काढून दुसरीकडे वळवायला त्याला वेळ आणि श्रम लागतात. म्हणून ‘पाच मिनिटांत निघू’ पेक्षा ‘अजून तीन बादल्या’ बरं. मिनिटं दिसत नाहीत, बादल्या दिसतात.

गणपतीपुळ्याच्या समुद्राचं एक बरं आहे, तो वेळापत्रक पाळतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. ‘आज पाणी कुठपर्यंत येईल?’ असं दहा वेळा विचारणाऱ्याच्या हातात हे गणित आणि कालनिर्णय दिलं तर तो प्रश्न विचारायचा थांबतो आणि सगळ्यांना उत्तरं द्यायला लागतो. अर्थात पोहण्याची सीमा मोठ्या माणसांनीच ठरवायची. तो किनारा दगाबाज आहे, दरवर्षी माणसं बुडतात.

बेत कितीही बारीक आखला तरी मोडणारच. दरड कोसळते, लाइट जाते, रिक्षावाला येत नाही. चित्रपट्टीत म्हणूनच ‘बदल’ असं एक कार्ड ठेवतात, आणि ते सहलीत नव्हे, घरीच महिनाभर आधी वापरायला शिकवतात. आधी गोड बदल : आज वरणभाताऐवजी आइस्क्रीम. मग साधे. मग नावडते. न्यूकॅसलच्या त्याच मंडळींनी पालकांसाठी जो कार्यक्रम तयार केला त्याचाही रोख असाच आहे. अनिश्चितता पूर्ण पुसायची नाही, लहान लहान मात्रेत तिची ओळख करून द्यायची. मात्र कोणी याचा अर्थ ‘जरा धक्के बसू देत, सवय होईल’ असा काढला तर ते धोक्याचं आहे. आपले काही काका-मामा या मताचे असतात, आणि नेमके सहलीलाच बरोबर असतात. घरच्या स्वयंपाकघरात, पोट भरलेलं असताना, आई शेजारी असताना झेपणारा बदल पनवेल स्टेशनच्या गर्दीत झेपेलच असं नाही. तिथे मूल कोसळलं, तर काही मिळवण्यासाठी तमाशा करणारं मूल आणि भार असह्य होऊन कोसळलेलं मूल यांत फरक आहे, हे बघ्यांना समजावत बसण्यात अर्थ नसतो. शांत कोपरा शोधायचा, बोलणं कमी करायचं आणि वेळ द्यायचा.

सराव हा याचाच भाग. बोस्टनच्या लोगन विमानतळावर २०११ साली ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांसाठी विमानप्रवासाची रंगीत तालीम सुरू झाली. बॅगा तपासायच्या, रांगेत उभं राहायचं, खऱ्या विमानात पट्टा बांधून बसायचं, आणि न उडता घरी यायचं. आपल्याला एवढी सरबराई नसली तरी रविवारी फलाट तिकीट काढून ठाण्याच्या फलाटावर तासभर बसून येता येतं. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ साली सूर्यफुलांची हिरवी फीत निघाली. ती गळ्यात असली की या प्रवाशाला न दिसणारं अपंगत्व आहे, थोडा वेळ द्या, एवढं कर्मचाऱ्यांना न सांगता कळतं. आपल्याकडे बेंगळुरूच्या विमानतळानेही ती स्वीकारली. अशा खुणेची गरज का आहे ते २०२२च्या मे महिन्यात रांचीला दिसलं. प्रवासाने थकून घाबरलेल्या एका दिव्यांग किशोराला विमानात चढू दिलं नाही, आणि आईवडिलांनाही मागे राहावं लागलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला पाच लाखांचा दंड केला आणि नियमात बदल केला : तब्येतीच्या कारणाने अडवायचं तर आधी डॉक्टरचं मत घ्यायला हवं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड प्रवासात जवळ असलेलं बरं.

आतापर्यंत सगळं मुलांबद्दल झालं, कारण आपल्याकडे ऑटिझम म्हटलं की मूलच डोळ्यांसमोर येतं. पण ही मुलं मोठी होतात. शिवाय कधीच निदान न झालेली मोठी माणसं घराघरांत असतात. मुलाच्या तपासणीला गेलेल्या आईला प्रश्नावली भरता भरता स्वतःची ओळख पटते, असं पुष्कळदा घडतं. सहलीचा सगळा बेत आखणारी ती हीच असू शकते. तिने लॉजचे सत्तर रिव्ह्यू वाचलेले असतात, रिक्षाचे दर विचारून ठेवलेले असतात, आरे-वारेच्या रस्त्यावर गाडी कुठे थांबवायची ते नकाशात खूण करून ठेवलेलं असतं. याचा फायदा सगळे घेतात. मुक्कामी पोचल्यावर खोली, जेवण, गाडी सगळं वेळेवर हजर असतं, ते कुणामुळे हे कुणी विचारत नाही. मग ऐन रस्त्यात एक दीर गाडी वळवतो : ‘अगं, इकडून जाऊ, शॉर्टकट आहे.’ दहा मिनिटं वाचतात. ती पुढचा दीड तास गप्प बसते, आणि गाडीत कुजबुज होते की हिचं काहीतरी बिनसलंय.

तिच्यासारख्यांना बेत आखणं हे ओझं असतं, तसंच सुखही असतं. अर्धी सहल तिने नकाशावर आधीच करून घेतलेली असते. तो आनंद कमअस्सल मानायचं काहीच कारण नाही. घरच्यांना तिच्यासाठी दोनच गोष्टी करता येतील. बदल सुचवायचा असेल तर चालू गाडीत नको, आदल्या रात्री जेवताना सुचवावा. आणि रोज एखादा तास तिला एकटं सोडावं, कुणी ‘चल ना, सगळे पत्ते खेळतोय’ म्हणून ओढून नेऊ नये. तो तासही कागदावर लिहिलेला असला तर उत्तम, म्हणजे कुणाला माफी मागावी लागत नाही.

परतल्यावर एक दिवस मोकळा ठेवायचा, हे बहुतेक बेतांत राहून जातं. रविवारी रात्री अकराला घरी आणि सोमवारी सातला शाळेची बस, हा हिशेब इतरांनाही जड जातो. इथे तो आठवडाभर निस्तरावा लागतो.

अशी कुटुंबं पुढच्या वर्षी बहुधा पुन्हा तिथेच जातात. तोच लॉज, जमलं तर तीच खोली, तीच मांडवी. मग नातेवाईक विचारतात, दरवर्षी काय तेच तेच, कधी केरळला तरी जा. विचारणारे मात्र पिढ्यान् पिढ्या भाद्रपदात त्याच गाडीने त्याच गावी जातात, त्याच ओटीवर झोपतात, त्याच आरत्या त्याच क्रमाने म्हणतात, आणि यंदा दुसरी आरती आधी घेतली तर घरातली वडीलधारी माणसं मध्येच थांबवून ती सुधारून घेतात.